पिशवीवरचा शब्द

मृग तोंडावर आला आहे. अकोटच्या कृषी केंद्रांपुढे सकाळपासून गर्दी आहे. कापसाची पाकिटे, सोयाबीनच्या थैल्या, खताची पोती यांचा हिशेब मांडत माणसे या दुकानातून त्या दुकानात फिरत आहेत. कुणी सोसायटीचे पीककर्ज उचलून आला आहे, कुणी घरातले सोने गहाण ठेवून, कुणी ओळखीच्या दुकानदाराला ‘कापूस निघाला की देतो’ असे सांगून. आणि दरवर्षीप्रमाणे पावसाच्या आधी एक शब्द तालुक्यात येऊन पोचला आहे: बोगस. मंत्री आढावा बैठकीत बोगस बियाणे विकणाऱ्यांची गय केली जाणार नाही असे सांगतात. कृषी विभाग भरारी पथके नेमतो. वर्तमानपत्रांत ‘बोगस बियाण्यांचा साठा जप्त’ असे मथळे येतात. जुलैच्या सुरुवातीला शेतात तास मोकळे दिसू लागले की शेतकरीही तेच म्हणतो, “बिजवाई बोगस निघाली.”

या शब्दामागची चीड खरी आहे. दुबार पेरणी म्हणजे काय असते हे ज्याने खारपाणपट्ट्यात, विहिरीचे पाणी पिकाला चालत नाही अशा जमिनीत, एकाच पावसाच्या भरवशावर बी टाकले आहे त्याला विचारावे. पण चीड खरी असली तरी शब्द कामाचा नाही, असे आमचे स्पष्ट मत आहे. ‘बोगस’ म्हटल्याने कुणी, कोणत्या दिवशी, नेमके काय खोटे सांगितले हे कळत नाही. ते कळले नाही की पंचनाम्यात काही राहत नाही, प्रयोगशाळेत काय तपासायचे ते ठरत नाही, आणि प्रकरण हवामानावर ढकलून मिटवता येते. फसवणाऱ्याला याहून मोठी सोय कोणती?

खरे तर फसवण्याच्या नाना तऱ्हा ओळखणारी आपली भाषा आहे. थाप मारणे वेगळे, भेसळ करणे वेगळे, नकली माल खपवणे वेगळे, आमिष दाखवणे वेगळे. एकही शब्द खोटा न बोलता ऐकणाऱ्याला भलत्याच वाटेला लावणे याला आपण दिशाभूल म्हणतो, आणि ठाऊक असलेली गोष्ट दडवून ठेवण्याला लपवाछपवी. बैलबाजारात हा फरक अडाणी समजला जाणारा माणूसही काटेकोर करतो. बैलाचे वय चुकीचे सांगितले की खोड लपवली, यावर तिथे स्वतंत्र भांडण होते आणि निवाडाही स्वतंत्र होतो. बियाण्याच्या बाजारात मात्र या साऱ्या तऱ्हा एकाच पोत्यात भरल्या गेल्या.

कापसाचे पाकीट किंवा सोयाबीनची थैली हातात घेऊन पाहा. पिकाचे नाव, वाणाचे नाव, लॉट नंबर, चाचणीची तारीख, मुदत, किमान उगवणशक्ती, भौतिक शुद्धता, आनुवंशिक शुद्धता, आणि बियाण्याला औषध लावले असेल तर विषाची खूण, एवढे तिथे छापलेले असते. सोयाबीनची उगवण किमान ७० टक्के हवी, संकरित कापसाची ७५ टक्के. मुदत चाचणीच्या तारखेपासून ९ महिने, पुन्हा तपासून घेतले तर आणखी ६ महिने. खूणचिठ्ठीचा रंगही बोलतो. पैदासकार बियाण्याची चिठ्ठी पिवळी, पायाभूतची पांढरी, प्रमाणितची निळी. निळ्या चिठ्ठीचा अर्थ असा की बीज प्रमाणीकरण यंत्रणेचा माणूस बीजोत्पादनाच्या शेतात जाऊन आला, शेजारच्या वाणापासूनचे अंतर त्याने पाहिले, भलती झाडे उपटायला लावली आणि मग बियाण्याचा नमुना तपासला गेला.

हिरवट चिठ्ठी असते ती सत्यतादर्शक बियाण्याची. या नावामुळे घेणाऱ्याला वाटते की सत्याची कुणीतरी तपासणी केली आहे. तसे नसते. आत अमुक आहे असे कंपनी स्वतः लिहिते, आणि कायदा एवढेच म्हणतो की लिहिलेले खरे असले पाहिजे. बाजारातले बहुतेक खासगी संकरित बियाणे याच गटातले आहे. यात मुळात काही वावगे नाही. प्रमाणीकरण कायद्याने ऐच्छिकच ठेवले आहे आणि अनेक कंपन्या आपल्या शब्दाला जागतात. पण याचा अर्थ असा होतो की शेतकरी ज्या आधारावर पैसे मोजतो तो आधार म्हणजे पिशवीवर छापलेला शब्द, दुसरे काही नाही. तो शब्द शेतकऱ्याला वाचता आला पाहिजे, आणि खोटा ठरला तर त्या शब्दाचेच नाव घेऊन तक्रार करता आली पाहिजे.

हाच शेतकरी दिवाळीनंतर कापूस घेऊन विकायला जातो तेव्हाचे चित्र पाहा. सरकारी कापूस खरेदी करणाऱ्या सीसीआयच्या केंद्रावर ओलावा मोजायचे यंत्र गाडीतल्या कापसात खुपसतात. ८ टक्क्यांच्या पुढे भाव कापतात, १२ च्या पुढे कापूस घेतच नाहीत. रात्री कापसावर पाणी मारणारे आपल्यातही आहेत, हे झाकून ठेवण्यात अर्थ नाही. पण त्यांना पकडायला यंत्र आहे, आणि ते असले पाहिजे. जूनमध्ये काउंटरसमोर गिऱ्हाईक होऊन उभ्या असलेल्या शेतकऱ्याच्या हाती कोणते यंत्र आहे? बी फोडून वाण कळत नाही. उगवण कळायला आठ-दहा दिवस लागतात, वाणाचा खरेखोटेपणा पाते-फुले लागल्यावर दिसतो, आणि बोंडात अळी शिरते की नाही हे कळायला ऑक्टोबर उजाडतो. तोवर हंगाम हातचा गेलेला असतो.

विकणाऱ्याला माल ठाऊक आणि घेणाऱ्याला नाही, अशा बाजाराचे काय होते यावर जॉर्ज अकरलॉफ या अमेरिकी अर्थशास्त्रज्ञाने १९७० साली जुन्या मोटारींचे उदाहरण घेऊन निबंध लिहिला. अशा बाजारात खोटा माल खऱ्या मालाला हळूहळू बाहेर घालवतो, हे त्याने दाखवले. २००१ साली त्याला अर्थशास्त्राचे नोबेल मिळाले त्यात या निबंधाचा मोठा वाटा होता. अकोटात ज्या दुकानदाराने पिढीजात नाव राखले आहे, पक्के बिल दिल्याशिवाय पाकीट काउंटरवर ठेवत नाही, त्याचे नुकसानही हेच आहे. सगळेच बोगस म्हटले की त्याच्या सचोटीला किंमत उरत नाही.

२०२० चा खरीप आठवावा. राज्यभर, विशेषतः विदर्भात आणि मराठवाड्यात, सोयाबीन उगवले नाही म्हणून हजारो तक्रारी आल्या. खासगी कंपन्यांबरोबर महाबीजच्या बियाण्याबद्दलही त्या होत्या. महाबीज म्हणजे १९७६ साली स्थापन झालेले राज्य सरकारचे बियाणे महामंडळ, मुख्यालय अकोल्याला. उच्च न्यायालयाच्या औरंगाबाद खंडपीठाने प्रश्नाची स्वतःहून दखल घेतली. सगळीकडे शब्द एकच होता, बोगस. आता घडले काय होते? २०१९ च्या ऑक्टोबर-नोव्हेंबरात काढणीला आलेले सोयाबीन परतीच्या पावसात भिजले. सोयाबीनचे टरफल पातळ असते. ओल्याने आणि मळणीयंत्राच्या माराने त्याचा अंकुर जायबंदी होतो. त्या वर्षीचे बरेच बियाणे अशा पिकातून आले. म्हणजे अडचण खरी होती, पण ती पेरणीच्या कितीतरी आधी बियाणे उद्योगाला आणि कृषी खात्याला दिसत होती. तरीही कित्येक थैल्यांवर उगवण ७० टक्केच छापलेली राहिली. या ठिकाणी खोटेपणा नेमका कुठे बसतो ते बघा. बी खराब असणे हा निसर्गाचा कोप म्हणता येईल. खराब बियाण्याच्या थैलीवर ७० चा आकडा छापणे हा निसर्गाचा कोप नाही.

तक्रारींना उत्तर काय मिळाले? खोल पेरले, पुरेसा पाऊस पडायच्या आत पेरले, थैल्या आपटल्या. काही शेतांत तेही घडले असेल. सोयाबीन तीन ते पाच सेंटीमीटरच्या खाली गेले की निघत नाही आणि ७५ ते १०० मिलिमीटर पाऊस झाल्याशिवाय पेरू नये, असे कृषी विद्यापीठ दरवर्षी कानीकपाळी ओरडून सांगते. पण तक्रारीत ‘बोगस’ लिहिले असेल तर या उत्तराने तक्रार संपते. तक्रारीत ‘अमुक लॉटच्या थैलीवर उगवण ७० टक्के लिहिली आहे, त्याच थैलीतले राखून ठेवलेले शंभर दाणे ओल्या गोणपाटात ठेवले तर चाळीस निघाले’ असे लिहिले असेल तर पेरणीची खोली आणि पाऊस या दोन्ही सबबी गळून पडतात. गोणपाटाची चाचणी आपल्या आजीला ठाऊक होती. शंभर दाणे मोजून ओल्या पोत्यावर दहा-दहाच्या ओळीत मांडायचे, वरून दुसरे ओले पोते टाकून गुंडाळी करायची, सावलीत ठेवून पाणी शिंपडत राहायचे आणि सातव्या-आठव्या दिवशी कोंब मोजायचे. एवढे काम पेरणीच्या आधी केले तर एकरी बी किती वाढवायचे हेही कळते.

२०१७ सालचे कापसाचे प्रकरण याहून अवघड होते, आणि आमच्या मते अधिक गंभीर. त्या वर्षी शेंदरी बोंडअळीने विदर्भातला कापूस खाल्ला. बोंड वरून चांगले दिसायचे, फोडले की आत सरकी पोखरलेली आणि रुई पिवळी-काळी. शेतकऱ्यांनी हजारोंनी ‘जी’ अर्ज भरले. कापूस बियाण्याच्या राज्याच्या कायद्याखालचा तो नमुना त्या हिवाळ्यात गावोगाव लोकांच्या तोंडी बसला होता. इथेही शब्द बोगसच होता, आणि इथे तो साफ फसला. बियाणे उगवले होते. वाण तेच होते. तपासले तर अळीला मारणारे बीटी जनुकही होते. मग कंपन्यांनी म्हटले, आमचे बियाणे अस्सल आहे, आणि कागदावर ते खरे होते.

अस्सल बियाण्याने फसवणूक कशी होते, हे या प्रकरणात नीट पाहायला हवे. बीटी कापसाला भारतात परवानगी मिळाली २००२ च्या मार्चमध्ये, दोन जनुकांच्या वाणांना २००६ साली. बोंडअळीची फवारणी वाचते हे त्याचे आश्वासन होते आणि पहिली काही वर्षे ते बहुतांशी खरे ठरले. पण २०१० साली गुजरातच्या काही जिल्ह्यांत शेंदरी अळीने पहिल्या जनुकाला दाद देणे बंद केल्याचे हे तंत्रज्ञान विकणाऱ्या कंपनीनेच मान्य केले. पुढच्या काही वर्षांत नागपूरच्या केंद्रीय कापूस संशोधन संस्थेच्या शास्त्रज्ञांना दुसऱ्या जनुकाचीही तीच गत दिसू लागली. हे ज्ञान बियाणे कंपन्यांकडे होते, शास्त्रज्ञांकडे होते, सरकारकडे होते. आमच्या शेतकऱ्याकडे नव्हते. त्याच्यापुढे होते ते पाकीट आणि त्याभोवती पंधरा वर्षांत तयार झालेला समज. एके काळी खरे असलेले वाक्य खोटे झाल्यावरही तसेच चालू ठेवणे, याला लपवाछपवीच म्हणतात.

शेतकऱ्यांनी आश्रय पिकाची पुडी पेरली नाही म्हणून अळी बळावली, असे उलट सांगितले गेले. ४५० ग्रॅमच्या पाकिटासोबत १२० ग्रॅमची नॉन-बीटीची पुडी यायची, ती कडेने पेरायची होती. बहुतेकांनी ती बांधावर फेकली, हे खरे आहे. पण ती कशासाठी आहे हे किती दुकानांत, किती मेळाव्यांत समजेल अशा मराठीत सांगितले गेले? बीटी नसलेल्या झाडांवर वाढलेल्या अळ्यांचे पतंग बाकीच्यांशी मिसळावेत म्हणजे अळीला बीटी पचवायची सवय लवकर लागत नाही, एवढी साधी गोष्ट होती. ती न सांगता ‘रेफ्युजी’ असा शब्द छापून दिला. पुढे हे बी पाकिटातच मिसळून देण्याची पद्धत आली आणि पाकीट ४७५ ग्रॅमचे झाले. शेतकऱ्याने काय चुकवले यापेक्षा त्याला काय कळू दिले गेले नाही, हे आधी लिहिले जायला हवे होते.

आणि त्या वर्षी सरकारचाही शब्द होता. डिसेंबर २०१७ मध्ये नागपूर अधिवेशनात कोरडवाहू कापसाला हेक्टरी ३०,८०० रुपये मदत जाहीर झाली. तिची फोड अशी : ६,८०० आपत्ती निधीतून, ८,००० पीकविम्यातून, १६,००० बियाणे कंपन्यांकडून. शेतकऱ्याने ऐकले ३०,८००. हाती पडला मुख्यतः आपत्ती निधीचा वाटा. विमा ज्याने काढला आणि ज्याच्या मंडळात तो बसला त्यालाच, आणि कंपन्या आपला वाटा द्यायला तयार नव्हत्या. घोषणा करणाऱ्याने फोड सांगितली होती, त्यामुळे खोटे बोलला असे म्हणता येणार नाही. पण जे पैसे आपल्या तिजोरीतले नाहीत आणि मिळतील याची खात्री नाही, ते आपल्या घोषणेच्या बेरजेत धरणे, ही दिशाभूलच होती. बियाणे कंपनीच्या पाकिटाला जो नियम लावायचा, तोच शासनाच्या वाक्यालाही लावला पाहिजे.

या तालुक्याचे नाव देशभर गेले ते २०१९ च्या जूनमध्ये. १० जूनला अकोली जहाँगीर इथे शेतकरी संघटनेचे ललित बहाळे यांच्या शेतात हजाराहून अधिक शेतकरी जमले आणि परवानगी नसलेले, तणनाशक सहन करणाऱ्या एचटीबीटी कापसाचे बियाणे त्यांनी उघडपणे, सांगून-सवरून पेरले. पर्यावरण संरक्षण कायद्याखाली तेव्हा पाच वर्षांपर्यंत कैद आणि एक लाखाचा दंड होऊ शकत होता. नमुने तपासणीसाठी नागपूरला गेले, गुन्हे दाखल झाले. संघटनेचे म्हणणे होते की निंदणीला माणूस मिळत नाही, मजुरी परवडत नाही, आणि तणनाशक सहन करणारे वाण जगभर चालत असताना आम्हालाच का अडवता. संस्थापक शरद जोशींच्या काळापासून तंत्रज्ञानाच्या स्वातंत्र्याची ही मागणी संघटना करत आली आहे. गुजरातेत २००१ साली बीटी कापूस असाच परवानगीआधी शेतात सापडला होता, तेव्हाही संघटना शेतकऱ्यांच्या बाजूने उभी राहिली होती.

एचटीबीटीला मान्यता द्यावी की नाही यावर प्रामाणिक मतभेद आहेत. ग्लायफोसेटचा बेसुमार वापर, तणांमध्ये येणारी सहनशक्ती, शेजारच्या शेतात होणारा संकर हे प्रश्न आम्हाला हलके वाटत नाहीत. पण सरकारी पत्रके या बियाण्यालाही बोगसच म्हणतात, आणि ते चूक आहे. हे बियाणे विनापरवाना आहे. शेतकरी त्याला चोरबीटी म्हणतो, आणि तो शब्द सरकारच्या शब्दापेक्षा अचूक आहे: माल चोरवाटेने आलेला, पण काम करणारा. शेतकऱ्याला ठाऊक असते की हे तणनाशकाला मरत नाही. त्यालाच तुम्ही बोगस म्हटलेत की तुमच्या दुसऱ्या इशाऱ्यावरही त्याचा विश्वास बसत नाही. आणि दुसरा इशारा खरोखर जीवघेणा आहे. चोरबीटीच्या नावाखाली साधे बीटी, कधी तर मागच्या वर्षीची सरकीही, रंगवून विकली जाते. शेतकरी बियाणे उगवल्यावर निर्धास्तपणे तणनाशकाचा पंप पाठीवर घेतो आणि आठ दिवसांत तणाबरोबर कापूसही वाळून जातो. त्याच्याकडे बिल नसते, पाकिटावर कंपनीचा खरा पत्ता नसतो, आणि तक्रार करायला गेला तर आधी त्यालाच विचारतील की हे बी पेरलेस कसे. फसवणूक हीच आहे. विनापरवाना आणि नकली यांत फरक केला नाही तर या माणसाला कधीच न्याय मिळणार नाही. मान्यतेबाबत केंद्राने वर्षानुवर्षे हो किंवा नाही काहीच न सांगता विषय लोंबकळत ठेवला, आणि ही काळोखी बाजारपेठ त्या न-निर्णयावरच पोसली गेली.

जाहिरातींबद्दल थोडक्यात. पानभर बोंडांनी लगडलेले झाड, त्याखाली एकरी उताऱ्याचा मोठा आकडा, शेजारी हसरा शेतकरी. तो आकडा कदाचित कुठेतरी खराही आला असेल, ठिबकवर, भारी जमिनीत, हातच्या पाण्यावर. पूर्णेकाठच्या कोरडवाहू शेतकऱ्याला तो दाखवताना पाण्याचा उल्लेख गाळणे, ही शुद्ध दिशाभूल आहे. २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्यात ‘दिशाभूल करणारी जाहिरात’ हा स्वतंत्र गुन्हा मानला आहे, पहिल्या वेळी दहा लाखांपर्यंत दंड करता येतो, आणि जाहिरातीत झळकणाऱ्या नामवंतालाही जाब विचारता येतो. वऱ्हाडात या कलमाचा वापर अजून जवळजवळ कुणी केलेला नाही.

इथे थोडे मागे जाऊन पाहण्यासारखे आहे. अमेरिकेत यादवी युद्ध पेटले, तिकडचा कापूस अडला, आणि वऱ्हाडच्या कापसाला मागणी आली. लिव्हरपूलच्या बाजारात तो ‘ऊमरा’ म्हणून ओळखला जाई. हे नाव अमरावतीवरून पडले. मागणीबरोबर भेसळही वाढली. गाठीत सरकी, माती, दगड, पाणी निघू लागले. तेव्हा मुंबई सरकारने १८६३ साली कापसातल्या लबाड्यांविरुद्ध खास कायदाच केला. पुढे १९२३ साली हलका कापूस चांगल्या कापसाच्या प्रदेशात नेऊन मिसळण्याला आळा घालणारा कायदा आला, आणि १९२५ च्या कायद्याने जिनिंग-प्रेसिंगमधून निघणाऱ्या प्रत्येक गाठीवर कारखान्याची खूण आणि क्रमांक बंधनकारक झाला, म्हणजे गाठ कुठेही फुटली तरी लबाडी कोणत्या दारातून निघाली ते कळावे. लँकशायरच्या गिरणीमालकाला फसवले जाऊ नये म्हणून १८६३ मध्ये कायदा झाला. त्याच कापसाचे बी विकत घेणाऱ्या शेतकऱ्यासाठी बियाणे कायदा यायला १९६६ साल उजाडावे लागले. त्यातही पहिल्या गुन्ह्याला दंड ५०० रुपयांपर्यंत. आज एका ४७५ ग्रॅमच्या पाकिटाची किंमतही त्याहून जास्त आहे: २०२५ च्या हंगामात ती ९०१ रुपये होती.

त्या कायद्यात भरपाईची तरतूदच नव्हती. ती वाट सर्वोच्च न्यायालयाने मोकळी केली. राष्ट्रीय बियाणे महामंडळ विरुद्ध मधुसूदन रेड्डी या २०१२ च्या निकालात न्यायालयाने सांगितले की बियाणे घेणारा शेतकरी ग्राहक आहे आणि तो ग्राहक मंचाकडे जाऊ शकतो. २०२३ मध्ये राज्य सरकारने भरपाई आणि कडक शिक्षेची विधेयके आणली. ती संयुक्त समितीकडे गेली आणि विक्रेत्यांनी नोव्हेंबरात दुकाने बंद ठेवून विरोध केला. त्यांच्या विरोधात एक मुद्दा रास्त होता: सीलबंद पाकीट आम्ही उघडत नाही, मग आतल्या मालाबद्दल आम्हाला तुरुंगात का टाकता? कंपनीचा खोटेपणा आणि दुकानदाराचा खोटेपणा वेगळा मोजला असता तर हा मुद्दा उरलाच नसता. मुदत संपलेले पाकीट विकणे, कच्च्या चिठ्ठीवर माल देणे, मागणीच्या वाणासोबत नको असलेली औषधे गळ्यात मारणे, ज्याला बाजारात लिंकिंग म्हणतात, हे दुकानदाराचे. उगवणीचा आकडा कंपनीचा. केंद्राने नोव्हेंबर २०२५ मध्ये नव्या बियाणे विधेयकाचा मसुदा प्रसिद्ध केला, त्यात गंभीर गुन्ह्याला तीस लाखांपर्यंत दंड आणि तीन वर्षांपर्यंत कैद सुचवली आहे. शिक्षा वाढली, चांगले झाले. पण ‘बोगस’ एवढेच लिहिलेल्या पंचनाम्यावर ५०० रुपयांचा दंड टिकत नव्हता, तिथे तीस लाखांचा कसा टिकेल?

म्हणून आमचे मागणे अगदी जवळचे आहे. बीज प्रमाणीकरण यंत्रणा, महाबीज आणि १९६९ साली स्थापन झालेले डॉ. पंजाबराव देशमुख कृषी विद्यापीठ, तिन्हींची मुख्यालये अकोल्यात, अकोटपासून तासा-दीड तासाच्या अंतरावर आहेत. तालुक्याच्या तक्रार निवारण समितीच्या अर्जात पहिला रकाना असा असावा: ‘पिशवीवरचे, बिलावरचे किंवा जाहिरातीतले कोणते विधान खोटे ठरले?’ उगवण, वाण, मुदत, परवाना, उताऱ्याचा दावा, यांपैकी काय ते शेतकऱ्याने सांगावे आणि समितीने त्याच मुद्द्यावर हो किंवा नाही असा निष्कर्ष लिहावा. या समितीत महाबीजचा प्रतिनिधी बसतो. तक्रार महाबीजच्याच बियाण्याची असेल तेव्हा त्याने बाहेर राहावे. वर्तमानपत्रांनीही जप्तीच्या बातमीत बियाणे नकली होते, मुदतबाह्य होते की विनापरवाना, हे विचारल्याशिवाय मथळा लावू नये.

शेतकऱ्याने पक्के बिल, रिकामी पिशवी, तिच्यावरची खूणचिठ्ठी आणि मूठभर बी पीक घरात येईपर्यंत राखून ठेवावे. २०२३ पासून केंद्राच्या ‘साथी’ पोर्टलवर क्यूआर कोडवरून बियाण्याचा माग काढण्याची सोय झाली आहे. दुकानातच, पैसे देण्याआधी, पोराच्या मोबाइलवर तो कोड तपासून पाहावा.

आणि तालुका कृषी अधिकारी कार्यालयाने आपल्या दारावर एक यादी लावावी. गेल्या खरिपात अकोट तालुक्यातून किती नमुने घेतले, कोणत्या कंपनीच्या कोणत्या वाणाचे, लॉट नंबर काय, नापास कोणते, कोणत्या मुद्द्यावर नापास, आणि त्या प्रकरणाचे आज काय झाले. ही माहिती सरकारी फायलीत असते. ती समजेल अशा मराठीत, मोठ्या अक्षरात, या आठवड्यात लागली पाहिजे. पाऊस पडून पेरणी झाल्यावर लागली तर या हंगामापुरती ती कुणाच्याच कामाची नाही.